निम्मा आकडा

समोर बसलेल्या माणसानं तोंडापुढचा पेपर खाली केला आणि मी खुर्चीतच गार पडलो. ते माझे साडू होते.

"पावणं," इकडंतिकडं बघत ते हळूच म्हणाले, "खरूज झालीया असं काही सांगू नका. बाहेरचा बोर्ड मी वाचलाय."

बाहेरच्या बोर्डावर डॉक्टरीणबाईंच्या नावाखाली 'केसांचे विकार' एवढे दोनच शब्द मोठ्या अक्षरांत होते. आत भिंतीवर एका माणसाच्या डोक्याची दोन चित्रं शेजारी शेजारी लावलेली होती, एकात टाळू चकाकत होती आणि दुसऱ्यात काळंभोर रान माजलं होतं. त्या चित्रांखाली आम्ही दोघं, सख्ख्या बहिणींचे नवरे, एकमेकांकडं बघत बसलो होतो. मी घरी सांगितलं होतं की बँकेच्या कामानं इस्लामपूरला जातोय. जिनपाल अण्णांनी राजमतीअक्कांना सांगितलं होतं की मोटारीच्या वाइंडिंगला तांब्याची तार आणायची आहे. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी सांगलीहून आणि त्यांनी जयसिंगपुराहून इतक्या लांब कोल्हापूर गाठलं होतं.

माझं तसं समजण्यासारखं होतं. मी सहकारी बँकेत कारकून, पण सांगली जिल्ह्यात मला लोक ओळखायचे ते सूत्रसंचालक म्हणून. लग्नाचे स्वागतसमारंभ, सत्कार, शाळांची संमेलनं, सगळीकडं माइकवर भूपाल मगदूम. आवाजाइतकेच माझे मागं फिरवलेले दाट केसही लोकांच्या ध्यानात राहायचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते कंगव्यात यायला लागले, तेव्हा मी पुण्यात एका डॉक्टरला दाखवून गोळी सुरू केली होती. रोज एक. त्या डॉक्टरकडं वर्षभर गेलो, नंतर जुन्या चिठ्ठीवर सांगलीतल्या एका औषधाच्या दुकानातून गोळ्या आणत राहिलो. आता नऊ वर्षांनी टाळूवर पुन्हा उजेड पडायला लागला होता, म्हणून इथं आलो होतो.

अण्णांचं मला नवल वाटलं. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, जयसिंगपुरात शेतीपंप दुरुस्तीचं दुकान चालवणारे, शर्टाला कायम ग्रीस लागलेले. या माणसाला केसांची हौस असेल असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. खरं सांगायचं तर मला ते फारसे आवडायचेही नाहीत. प्रत्येक गोष्टीत त्यांचे प्रश्न. लग्नात जेवायला बसले तरी आचाऱ्याला बोलावून मसाल्यात काय घातलंय ते विचारणार. माझ्या सूत्रसंचालनाचं कौतुक त्यांनी कधी केलं नाही, उलट एकदा माइकची वायर कुठं ढिली आहे ते सांगितलं होतं.

त्यांचा नंबर आधी लागला. ते आत गेले ते चाळीस मिनिटं बाहेर आलेच नाहीत. बाहेरची मंडळी चुळबुळायला लागली. मी मात्र दहा मिनिटांत उरकलं. इनामदार मॅडमनी एका छोट्या कॅमेऱ्यानं माझ्या टाळूचा फोटो काढून पडद्यावर मोठा करून दाखवला. त्या बोलत होत्या आणि मी त्या फोटोकडं बघत होतो. नांगरून टाकलेल्या माळासारखा दिसत होता. त्यांनी काय काय सांगितलं ते मला पुढं कधीच नीट आठवलं नाही. आहे तीच गोळी चालू ठेवा, एवढं लक्षात राहिलं.

बाहेर पडलो तर अण्णा उसाच्या रसाच्या गाड्यापाशी माझी वाट बघत उभे होते. दोन ग्लास सांगून झाले होते. आता चुकवायला जागा नव्हती.

बाकावर बसल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी त्यावर उतरवून घेतलं होतं. मग त्यांनी मला तिन्ही गोळ्या समजावून सांगितल्या, जणू मी पंप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक होतो. पुरुषाच्या अंगात एक रस तयार होतो, तोच केसांची मुळं बारीक करत नेतो. फिनास्टराइड तो रस तयार व्हायचा रस्ता अडवते. ड्यूटास्टराइड तेच काम जास्त जोरानं करते, पण बंद केली तरी अंगातून पुरती जायला तिला कैक महिने लागतात. आणि तिसरी मिनॉक्सिडिल. ती मूळची रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, आणि आता तीच अगदी थोड्या मात्रेत केसांसाठी देतात. ती मुळांपर्यंतचा रक्ताचा पुरवठा वाढवते, रसाच्या वाटेला जात नाही.

"तुम्ही कुठली घेतायसा?" त्यांनी विचारलं.

मी पहिली म्हणून सांगितलं. ते ग्लासात बघत म्हणाले की पहिल्या दोन्हींनी काही जणांना घरच्या बाबतीत त्रास होतो म्हणे, मन उतरतं, इच्छा कमी होते. सगळ्यांना नाही, पण होतो. म्हणून त्यांनी तिसरी मागून घेतली होती. तिच्यानं पाय सुजू शकतात, छाती धडधडू शकते, गालांवर-कानांवर केस येऊ शकतात, ते चालेल म्हणाले.

मी हसलो. मला तसा काही त्रास नव्हता, तेही मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

मग त्यांनी कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. फिनास्टराइड घेणाऱ्याची प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषाच्या लघवीच्या वाटेवरच्या ग्रंथीची, रक्ततपासणी केली तर आकडा निम्मा दिसतो. पन्नाशीनंतर ती तपासणी करतात, तेव्हा गोळीचं सांगायला विसरायचं नाही. मॅडमनी हे मलाही सांगितलं असणार. मी मान डोलावली, ग्लास संपवला आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. जाताना आम्ही एकमेकांना शब्द दिला की ही गोष्ट घरात कुणाला कळू द्यायची नाही.

माझ्या बाजूनं तो शब्द फार महत्त्वाचा होता आणि त्याचं कारण नुसती लाज नव्हती. त्रिशला, माझी बायको, दर महिन्याला केसांचं तेल बनवायची. माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं, आवळा, सगळं खोबरेल तेलात मंद आचेवर दोन दोन तास उकळत बसायची. दर रविवारी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला लावायची. नात्यातल्या निम्म्या बायका ते तेल तिच्याकडून घेऊन जायच्या, आणि कुणी विचारलं की ती माझ्याकडं बोट दाखवायची. यांचे बघा की. मी गोळीचं पाकीट माइकच्या पेटीत, वायरीच्या वेटोळ्याखाली ठेवायचो. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर सोपं होतं. नंतर दर महिन्याला ते अवघड होत गेलं.

या भेटीनंतर दोन वर्षं आम्ही दोघं चोरासारखे वागलो. कुठल्या कार्यात भेटलो की आधी एकमेकांच्या डोक्याकडं बघायचो. अण्णांना केस आले होते, थोडे, विरळ, पण आले होते. कानांच्या पाळ्यांवर मात्र चांगलेच माजले होते. राजमतीअक्का म्हणायच्या की आमच्या ह्यांचं वय झालं तसं अस्वल व्हायला लागलंय. अण्णा माझ्याकडं न बघता पानातलं जेवत राहायचे. दुपारी त्यांचे घोटे सुजायचे, ते मला दिसायचं.

मग समाजाच्या सभागृहात आरोग्य शिबिर झालं. पन्नाशीवरच्या पुरुषांची प्रोस्टेटची रक्ततपासणी होती. माइकवर अर्थातच मी होतो. फॉर्म भरून घ्यायला महिला मंडळाच्या बायका बसल्या होत्या आणि त्यात त्रिशला होती. सगळ्यांचं झाल्यावर मी तिच्यासमोर बसलो. नाव, वय, उंची, सगळं तिनं मला न विचारताच लिहिलं. 'चालू असलेली औषधे' या रकान्यापाशी तिचं पेन आलं. तिनं मान वर न करता 'काही नाही' लिहिलं आणि पुढं गेली.

मी बघत होतो. शेजारी दोन बायका बसल्या होत्या, मागं ओळखीची पाच-सात माणसं उभी होती. मी सही केली.

आठ दिवसांनी कागद आला. आकडा दोन पूर्णांक नऊ. खाली छापलं होतं की चारच्या आत ठीक. शिबिराच्या डॉक्टरांनी हिरव्या पेनानं बरोबरची खूण केली होती. त्रिशलानं कागद देवासमोर ठेवून मग फाइलला लावला.

त्याच दिवशी दुपारी अण्णांचा बँकेत फोन आला. त्यांचाही शिबिराचा कागद आला होता, आकडा एकच्या खाली होता. माझा विचारला. मी सांगितला. पलीकडं दुकानातली कुठलीतरी मोटार घरघरत होती.

"पावणं, गोळी अजून चालू हाय न्हवं?"

मी समोरच्या गिऱ्हाइकाकडं बघत फक्त हुंकार भरला.

"मग तुमचा आकडा दोन-नऊ न्हाई. साडेपाचाच्या वर हाय. शिबिराच्या डॉक्टरला गोळीचं सांगितलंय का?"

मी नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं की डॉक्टरांनी कागद बघितलाय, खूण केली आहे, मला कसला त्रास नाही, लघवी साफ आहे, तुम्ही कशाला काळजी करता. ते म्हणाले, डॉक्टरनं कागद बघितला, तुम्हाला न्हाई बघितलं. पुढच्या आठवड्यात त्यांचे तीन फोन आले. मी उचलायचं सोडून दिलं. मनातून मला राग आला होता. एक पंपवाला मला माझ्या तब्येतीचं सांगतोय. त्याखाली भीतीही होती, ती मी कबूल करत नव्हतो. गोळीचं डॉक्टरला सांगायचं म्हणजे त्रिशलाला कळणार, आणि त्रिशलाला कळायला नको म्हणून मी आकडा बरोबरच आहे असं धरून चाललो होतो.

पंधरा दिवसांनी एका गुरुवारी सकाळी ते घरी आले. अण्णांचं दुकान फक्त सोमवारी बंद असायचं. गुरुवारी शटर ओढून ते सांगलीला आले म्हणजे काहीतरी झालंय, असं त्रिशलाला वाटलं आणि अक्का बऱ्या आहेत ना, असं तिनं दारातच विचारलं. ते बऱ्या आहेत म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी बँकेत जायला निघालो होतो. ते म्हणाले, दोन मिनिटं बसा.

त्रिशलानं पोह्यांची बशी आणून ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली.

"त्रिशला, मी दोन वर्षं झाली केस यायची गोळी खातोय," ते म्हणाले. "तुझ्या अक्काला म्हाईत न्हाई. आज संध्याकाळी सांगणार हाय. पाय सुजतात ते त्यानंच. माझ्यासारख्या माणसानं हे करावं म्हणून हसशील तर हस."

ती हसली नाही. तिला कळेना की हे तिला का सांगताहेत. मला कळलं होतं. मी उठायला लागलो तसा त्यांनी माझ्याकडं न बघताच हात आडवा केला.

"ह्यांचीबी चालू हाय. निराळी. तिनं रक्तातला आकडा निम्मा दिसतो. शिबिराच्या कागदावर गोळीचं लिहिलेलं न्हाई. तो कागद खोटा हाय."

त्रिशला माझ्याकडं वळली. मग तिनं एवढंच विचारलं.

"किती वर्षं?"

"अकरा," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. मला वाटलं आता रडण्याचा आवाज येईल, नाहीतर भांडी आपटल्याचा. त्या वेळात मी अण्णांना जे बोललो ते आजही आठवलं की मला खाली बघावंसं वाटतं. शब्द देऊन मोडणारा माणूस म्हणालो. माझ्या घरात येऊन माझी अब्रू काढलीत म्हणालो. तुम्हाला माझं कधी चांगलं बघवलंच नाही, हेही म्हणालो, ज्याला काही आधार नव्हता. शेवटी म्हणालो, "परत या घरात पाऊल टाकू नका."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात त्रिशला बाहेर आली. तिच्या हातात निळी फाइल होती. तिनं तीन वर्षांपूर्वीचा एक कागद काढला, बँकेनं सगळ्यांची तपासणी केली होती तेव्हाचा. त्यात तोच आकडा एक पूर्णांक दोन होता.

"अण्णा, हासुद्धा निम्माच ना?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग हे दोनावर चार, आणि आता पाचावर आठ." ती कागदावरून बोट फिरवत होती. "कागदावरचा आकडा धरला काय आणि दुप्पट केला काय, तीन वर्षांत दुपटीच्या वर गेलंय."

अण्णा उठले. त्यांनी दारात चपला घातल्या. "मिरजेला डॉक्टर तांबोळी म्हणून हाईत, लघवीच्या विकारांचे. उद्या अकराची वेळ घेतलीय," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "घरात येत न्हाई मी. पण तुम्ही तिथं जावा."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती फाइल घेऊन दारात उभी होती.

डॉक्टर तांबोळी शांत माणूस. त्यांनी दोन्ही कागद बघितले, गोळीचं नाव विचारलं, किती वर्षं ते विचारलं. मग तपासलं. पुन्हा रक्त काढायला लावलं, नंतर एमआरआय, नंतर ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. मी त्यांना विचारलं की हे त्या गोळीनं झालं का. ते म्हणाले, "गोळीनं नाही झालं. गोळीनं फक्त आकडा झाकला. आणि झाकूनसुद्धा तो वाढत होता, हे तुमच्या घरच्यांनी पकडलं."

दहा दिवसांनी निकाल आला. कर्करोग होता. ग्रंथीच्या आतच होता, बाहेर गेला नव्हता, पण मंद जातीचाही नव्हता. पुढच्या वर्षीच्या शिबिरापर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, असं त्रिशलानं विचारलं. डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं नाही. म्हणाले, थांबला नाहीत ना, मग त्याचा विचार करू नका.

महिन्याच्या आत ऑपरेशन झालं. त्याला आता सहा वर्षं होऊन गेली. दर सहा महिन्यांनी, आणि आता वर्षातून एकदा, मी तपासणीला रक्त देतो आणि आकडा शून्याला चिकटलेला येतो. गोळी मी तेव्हाच बंद केली. वर्षभरात डोक्याचं पटांगण झालं आणि लोकांनी दोन-चार महिने चौकशी करून नंतर सोडून दिली. कार्यक्रम काही कमी झाले नाहीत. त्रिशला तेलावरून फक्त एकदाच बोलली, दवाखान्यातून घरी आल्यावर. म्हणाली, "तेलाचं खोटं निघालं याचं मला काही नाही. अकरा वर्षं तुम्ही मला घाबरत होता, हे मला माहीत नव्हतं." तेव्हापासून तिच्यापासून लपवण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवसाचं.

सकाळी त्रिशला चहाचा थर्मास घेऊन वर आली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली की अण्णा खाली आहेत. मी विचारलं, कधी आले. ती म्हणाली, ऑपरेशनच्या दिवसापासून रोज येतात. सकाळच्या पहिल्या गाडीनं येतात, आवारातल्या बदामाच्या झाडाखाली बसतात, औषधं आणायची असली की आणून देतात, आणि संध्याकाळी जातात. वर या म्हटलं तर नको म्हणतात. रक्ताच्या बाटलीसाठी धावपळ झाली तेव्हाही तेच गेले होते.

मी तिला म्हटलं, त्यांना बोलाव.

ते आले आणि दारात उभे राहिले. चपला बाहेर काढल्या होत्या. सकाळच्या उजेडात मला दिसलं की त्यांचे केस पुन्हा गेले होते, कानांवरचेही. अक्कांना सांगितलं त्याच दिवशी त्यांनी गोळी बंद केली होती. घोटे उतरले होते. त्रिशलानं स्टूल पुढं केलं आणि ती बाहेर जाऊन बसली.

मी हजारो लोकांचे आभार मानले आहेत. मंडपवाल्यापासून मंत्र्यापर्यंत, कुणाला कोणता शब्द शोभेल ते मला झोपेतही सांगता येतं. त्या दिवशी नळ्या लावलेल्या अंगानं पडल्या पडल्या मला एक वाक्य जुळवता येईना. शेवटी मी विचारलं ते दुसरंच.

"अण्णा, मी फोन उचलत नव्हतो. तुम्ही गप्प बसला असता तर कुणी तुम्हाला नाव ठेवलं नसतं. दुकान बंद करून, अक्कांपुढं स्वतःचं उघडं पाडून, एवढं का केलंत?"

ते खिडकीकडं बघत बसले. त्यांचे हात मांडीवर होते, नखांत काळं ग्रीस.

"आमचा शांतिदादा तुम्ही बघितलाय," ते म्हणाले.

शांतिनाथ, त्यांचे थोरले भाऊ. मी त्यांना बघितलं होतं. उंच, पैलवानी अंगाचा, मोठ्यानं हसणारा माणूस. आमच्या कोल्हापूरच्या भेटीच्या चार वर्षं आधी वारले. मणक्याच्या दुखण्यानं गेले असं आम्हाला सांगितलं होतं.

"मणका न्हवता," अण्णा म्हणाले. "हेच होतं. तुमचंच."

मग त्यांनी सांगितलं. एक दिवस दोघं मळ्यात मोटार उतरवत होते तेव्हा दादांनी त्यांना सांगितलं की लघवीतून रक्त जातंय, महिना झाला. डॉक्टरकडं चला म्हटल्यावर दादा म्हणाले, आत्ता न्हाई. धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं, बापाला असलं दुखणं आहे म्हणून बाहेर कळलं तर स्थळ जाईल, आणि असल्या जागेचं दुखणं बायकोपुढं काढायला त्यांना लाज वाटत होती. त्यांनी अण्णांकडून शब्द घेतला. वहिनीला नाही, पोरांना नाही, कुणाला सांगायचं नाही. अण्णांनी दिला. मोठ्या भावाला नाही कसं म्हणायचं. लग्न झालं. मग दादांची पाठ दुखायला लागली, आणि डॉक्टरकडं गेले तेव्हा ते हाडांत गेलेलं होतं.

"दीड वर्ष मला ठाऊक होतं," अण्णा म्हणाले. "रोज जेवताना समोरासमोर बसायचो. वहिनी वाढायची. मी तिच्या हातचं खायचो आणि गप बसायचो. त्याला दिलेला शब्द मी पाळला, पावणं. शेवटपर्यंत पाळला."

खाली आवारात कुणीतरी कुणाला हाका मारत होतं.

"गोळी मी कशाला सुरू केली, तेबी सांगतो," ते म्हणाले. "दादा गेल्यावर माझे केस झपाट्यानं गेले. आरशात बघितलं की तोच दिसायचा, आजारपणातला. मला तसं दिसायचं न्हवतं. दुसरं काही न्हवतं."

मला हात उचलता येत होता तेवढा मी उचलला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

मग दार उघडून सिस्टर आत आली. भेटीची वेळ संपली, पेशंटजवळ आता फक्त घरचं माणूस थांबू शकतं, असं ती म्हणाली आणि अण्णांना विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण?

अण्णा स्टुलावरून उठायला लागले. "मी तसा साडू..."

"थोरले भाऊ आहेत माझे," मी म्हणालो. "त्यांना बसू द्या."

सिस्टरनं तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि ती निघून गेली. अण्णा उभेच राहिले होते. मग ते खाली बसले.